कॉली की डाल्मेशियन? आधी दिवसभर घरी कोण असतं ते पाहूया

वाचकाचा प्रश्न

गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या हायस्कुलात शिकवतात. यजमान वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीच्या नोकरीत आहेत. घरी सत्तरीला टेकलेल्या सासूबाई, नववीत गेलेली मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. घर जुनं, चिऱ्यांचं. पुढे बलकांव, म्हणजे बसायचा ओटा, मागे नारळी-पोफळींचं कुळागर. घरचा गावठी कुत्रा गेल्या वर्षी म्हातारपणाने गेला. आता चपळ, जातिवंत कुत्रा आणायचं ठरतंय. मुलीला बॉर्डर कॉली हवी आहे, कारण ती शिकवलेलं चटकन शिकते. यजमानांना डाल्मेशियन हवा आहे. ते पहाटे धावायला जातात आणि सोबत धावणारा कुत्रा त्यांना लहानपणापासून हवा होता. ताई लिहितात, 'जागा भरपूर असल्यामुळे व्यायामाचा प्रश्न नाही. घरात रोज मासळी असते, तेव्हा खाण्याचीही चिंता नाही. सासूबाईंना कुत्र्यांची सवय आहे. शिवाय कुत्रा आला म्हणजे मुलांच्या हातातला मोबाइल सुटेल. मग दोहोंपैकी कुठला आणावा? घरात रोज वाद होतो. तुम्हीच काय ते सांगा.'

उत्तर

ताई, नमस्कार.

काय ते सांगतेच, टाळणार नाही. पण तुमचं पत्र वाचताना कॉली आणि डाल्मेशियनपेक्षा मला तुमची ती चार ठाम वाक्यंच जास्त महत्त्वाची वाटली. जागा आहे, मासळी आहे, सासूबाई आहेत, मोबाइल सुटेल. कुत्रा सुखात राहील की नाही हे या चार गोष्टींवर ठरणार आहे, आणि चारही गोष्टी वाटतात तितक्या सरळ नाहीत.

जागेपासून सुरुवात करते. कुळागर मोठं असलं की कुत्र्याचा व्यायाम आपोआप होतो, ही समजूत गोव्यातल्या घरोघरी आहे. प्रत्यक्षात आवारात एकटा सोडलेला कुत्रा सकाळी एक फेरी मारतो, फाटकापाशी येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकतो आणि मग सावली बघून आडवा होतो. तुमचा जुना कुत्रा धडधाकट राहिला तो कुळागरामुळे नव्हे. सगळा वाडा त्याचा होता. तो सकाळी बाहेर पडायचा, त्याचे सोबती होते, देवळापर्यंत जाऊन यायचा, जेवायच्या वेळेला घरी हजर. नव्या पिल्लाला तुम्ही तसं मोकळं सोडणार नाही, आणि आजचे रस्ते पाहता सोडूही नये. म्हणजे नव्या कुत्र्याच्या वाट्याला जुन्यापेक्षा लहान जग येणार आणि अंगात रग मात्र त्याच्यापेक्षा जास्त असणार. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारा ब्रिटनचा केनेल क्लब या दोन्ही जातींसाठी रोज दोन तासांहून अधिक व्यायाम सांगतो. तो माणसाने सोबत असताना करून घ्यायचा व्यायाम. आवाराचं क्षेत्रफळ त्यात धरलेलं नाही.

कुळागराचे स्वतःचे धोकेही आहेत, ते जरा सविस्तर सांगते, कारण पोफळी असलेल्या प्रत्येक घराला ते लागू आहेत. पिल्लू जे दिसेल ते चघळतं. खाली पडलेली कच्ची सुपारी त्याने चघळली तर लाळ गळणं, उलट्या, जुलाब सुरू होऊ शकतात. सुपारीतलं अरेकोलिन हे द्रव्य एके काळी कुत्र्यांच्या पोटातले जंत पाडायला औषध म्हणूनच देत असत. पावसाळ्यात सुपारी कुजवणाऱ्या कोळे रोगासाठी पोफळींवर बोर्डो मिश्रण फवारलं जातं. त्यात मोरचूद, म्हणजे तांब्याचा विषारी क्षार, असतो. फवारणीच्या दिवशी आणि नंतरही काही दिवस कुत्रा मागच्या बाजूला जाता कामा नये, कारण पायांना लागलेलं तो चाटतो. पाल्यापाचोळ्यात घोणस असते. साचलेल्या पाण्यातून आणि उंदीर-घुशींच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा ताप होतो. तो माणसालाही होतो. आणि गोचिड्या! गोव्याच्या दमट हवेत गोचिड्या बाराही महिने असतात. त्यांच्यामुळे येणारा ताप कुत्र्याला दोन-चार दिवसांत लोळवतो. म्हणून महिन्याच्या महिन्याला गोचिड्यांचं औषध, लेप्टोचा समावेश असलेली लस आणि बागेकडे जाणाऱ्या वाटेला एक साधं फाटक, हा खर्च पिल्लाच्या किमतीतच धरा.

आता मुलीच्या कॉलीविषयी.

तुमच्या लेकीची निवड उथळ नाही, हे तिला माझ्याकडून सांगा. बॉर्डर कॉलीची हुशारी ही नुसती ऐकीव गोष्ट नाही. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनामध्ये जॉन पिली नावाच्या निवृत्त मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने चेझर या आपल्या कॉलीला १,०२२ खेळण्यांची नावं शिकवली होती. २०११ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पण ते शिकवायला तीन वर्षं लागली, आणि दिवसाला चार-पाच तास दिले गेले, हा भाग अशा हुशार कुत्र्यांच्या व्हिडिओत येत नाही. ही जात इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरच्या थंड डोंगरांत मेंढरं राखण्यासाठी घडवली गेली. १८९३ साली जन्मलेल्या ओल्ड हेंप नावाच्या कुत्र्यापर्यंत आजच्या बहुतेक सगळ्या कॉलींचा वंश पोचतो. तो कुत्रा नावाजला गेला तो न भुंकता, न चावता, नुसत्या नजरेने मेंढरं हलवायचा म्हणून. दबा धरणं, टक लावणं, धावून वळवणं हे कॉलीला शिकवावं लागत नाही. मेंढरं नसली तर ती दुसरं काही शोधते.

तुमच्या घरी ते दुसरं काही म्हणजे तुमचा सात वर्षांचा मुलगा आणि त्याचे मित्र. मुलं अंगणात पळू लागली की कॉली त्यांना गोल घालून एका कोपऱ्यात आणू पाहते आणि न ऐकणाऱ्याच्या टाचेला हलकेच दात लावते. तिच्या लेखी ती कामात असते, पण शेजारच्या मुलाच्या आईला ते कुत्रा चावला असंच दिसणार. पहाटे भोंगा वाजवत येणाऱ्या पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलची चाकं, रस्त्यावरून जाणाऱ्या स्कूटर, वाटेत बसलेली गुरं, या सगळ्यांमागे धावण्याची ओढ तिच्यात असते. आणि कामच मिळालं नाही तर काही कॉली भिंतीवरच्या सावल्यांचा, मोबाइलच्या काचेवरून पडलेल्या कवडशाचा तासन् तास पाठलाग करू लागतात. पाहुण्यांना गंमत वाटते. खरं तर तो मनाचा आजार असतो आणि एकदा जडला की सुटता सुटत नाही.

हवेचाही विचार करा. कुत्रा आपल्यासारखा घामाने गार होत नाही. तो धापा टाकतो, जिभेवरची ओल हवेत उडते आणि अंग निवतं. हवाच पाण्याने जड झालेली असेल तर ओल उडत नाही. गोव्यात मे महिन्यातली दुपार तर वाईटच, पण जून-जुलैतली गारव्याची वाटणारी संध्याकाळही दुहेरी केसांच्या कॉलीला जड जाते. केस भादरून टाकणं हा उपाय नाही, त्याने त्वचा उन्हात उघडी पडते. शिवाय या जातीत धावता धावता तोल जाण्याचा, मागचे पाय लुळे पडण्याचा एक विकार आढळतो आणि उष्णतेत जोरात धावल्यावर तो दिसतो. मोठा आवाज अनेक कॉलींना सोसत नाही. आपल्याकडे गणेश चवथीला पाच दिवस फटाके आणि दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराच्या मिरवणुकीचे ध्वनिक्षेपक असतात, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आणि एक सांगते, लेकीला थोडं लागेल. ती नववीत आहे. पुढच्या वर्षी दहावी, मग बारावी, आणि बारावीनंतर ती पणजीत असेल, पुण्यात असेल की आणखी कुठे, कोण सांगणार? कॉली बारा ते पंधरा वर्षं जगते. ज्या एका माणसाच्या हौसेवर हा कुत्रा घरात येणार, तोच माणूस कुत्रा तीन-चार वर्षांचा भर तारुण्यात असताना घराबाहेर पडणार. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: तुमच्या घरात आत्ता बॉर्डर कॉली आणू नका.

म्हणजे यजमान जिंकले, असं मात्र नाही.

डाल्मेशियन गोव्याच्या हवेला कॉलीपेक्षा बरा, हे खरं. केस आखूड, अंग सडपातळ, पाय लांब. इंग्लंडात तो घोडागाड्यांच्या बरोबरीने मैलोन् मैल धावायचा. पहाटे धावणाऱ्या माणसाला असा सोबती सापडला तर दोघांचंही भलं होतं. पण यजमानांना विचारा, रात्रपाळीच्या आठवड्यात कोण धावणार? सकाळी सातला घरी पोचलेला माणूस झोपायला बघतो. डाल्मेशियनला पाळ्या कळत नाहीत. आणखी एक गोष्ट, पिल्लाला पहिलं वर्ष-सव्वा वर्ष पळवायचंच नसतं. हाडं आणि सांधे तयार होईपर्यंत चालणं, खेळणं, थोडं मोकळं बागडणं एवढंच. यजमानांचा धावणारा सोबती खऱ्या अर्थाने मिळायला दीड वर्ष जाईल. तोवर त्यांचा उत्साह टिकतो का, हे त्यांनी स्वतःला विचारायला हवं.

या जातीची दोन दुखणी प्रत्येक घेणाऱ्याला माहीत हवीत. पहिलं कानांचं. अमेरिकेत तपासलेल्या डाल्मेशियनांपैकी जवळपास ३० टक्के कुत्री एका किंवा दोन्ही कानांनी बहिरी निघाली. एकूण तपासलेल्यांपैकी साधारण ८ टक्के दोन्ही कानांनी. निळ्या डोळ्यांच्या पिल्लांत हे प्रमाण जास्त असतं, तेव्हा निळ्या डोळ्यांना भुलू नका. दोन्ही कान गेलेलं पिल्लू घरीही ओळखता येतं. त्याला भावंडांपासून बाजूला घ्या, पाठ तुमच्याकडे असताना, जमीन हादरणार नाही अशा बेताने आवाज करा. पण भावंडांत असताना ते इतरांचं बघून वळतं आणि आपण फसतो. एकच कान गेला असेल तर यंत्राच्या तपासणीशिवाय कळत नाही. तसं पिल्लू पाळायला हरकत नाही, आंधळ्या वळणावर त्याला दोरीवर ठेवलं की झालं.

दुसरं दुखणं तुमच्या मासळीपाशी येतं. इतर कुत्र्यांच्या शरीरात ज्या युरिक आम्लाचं रूपांतर पुढे निरुपद्रवी पदार्थात होतं, ते डाल्मेशियनच्या मुतात तसंच उतरतं आणि त्याचे खडे बनू शकतात. हा दोष या जातीत जन्मजात आहे, एखाद्या कुत्र्यापुरता नाही. १९७३ साली अमेरिकेत रॉबर्ट शायब्ल यांनी पॉइंटर जातीशी एक संकर करून हा दोष नसलेला वंश तयार केला आणि तिथल्या केनेल क्लबाने २०११ पासून त्याची नोंदणी मान्य केली. आपल्याकडे मिळणारं पिल्लू त्या वंशातलं नसेल असंच धरून चाला. नराची मूत्रनळी अरुंद, त्यामुळे खडा अडकून लघवी बंद होण्याचा धोका नराला जास्त. लघवी अडली तर सकाळपर्यंत थांबायचं नसतं, रात्रीच डॉक्टर गाठावा लागतो.

हे खडे वाढतात ते प्युरीन जास्त असलेल्या खाण्याने; प्युरीनपासूनच शरीरात युरिक आम्ल बनतं. आणि त्यात तारले, बांगडे, कलेजी सगळ्यात वर! तुमच्या घरात ताटातलं उरलेलं मासळीचं डोकं आणि हुमण (माशांची आमटी)-भात कुत्र्याला घालायची पद्धत असणार, सगळीकडे असते. गावठी कुत्र्याची त्यावर वर्षं निघतात. डाल्मेशियनला ते चालणार नाही. भात, अंडं, दही, भोपळा-दुधीसारख्या भाज्या, थोडं कोंबडीचं मांस किंवा डॉक्टरने सांगितलेलं तयार खाणं, आणि पाणी भरपूर. पाणी पोटात जावं म्हणून जेवणातही घालायचं. दर काही तासांनी लघवीला बाहेर न्यायचं. हुमणातला कांदा-लसूण कुठल्याच कुत्र्याला चांगला नाही, सुक्या मासळीतलं मीठही नाही. पण सासूबाईंच्या हाताला पन्नास वर्षांची सवय आहे. कुत्रा दारात येऊन बसला, आशेने बघू लागला, तर 'एवढ्याशा तारल्याने काय होतंय' असं म्हणून त्या घालणारच. यात त्यांचा दोष नाही, ती माया आहे. म्हणूनच त्यांना आधी विश्वासात घ्यायला हवं.

इथे मी थोडी थांबते, कारण तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त बोचलेलं वाक्य सासूबाईंविषयीचंच आहे. 'सासूबाईंना कुत्र्यांची सवय आहे.' एवढंच. मुलीला काय हवं, यजमानांना काय हवं, ते तुम्ही दोन पानं भरून लिहिलंत. पण सकाळी साडेसातला तुम्ही शाळेत जाता, मुलं शाळेत जातात, यजमान कामावर. त्यानंतर दीड-दोन वाजेपर्यंत, पाळी असेल त्याप्रमाणे कधी संध्याकाळपर्यंत, कुत्र्यासोबत एकच माणूस असतो. पाहुणा आला तर कुत्र्याला धरणार कोण, जेवण घालणार कोण, लघवीला नेणार कोण, पावसात चिखलाने भरलेले पाय पुसणार कोण? कुत्रा लेकीचा म्हणा की यजमानांचा, तो राहणार सासूबाईंबरोबर. त्यांना कुणी विचारलंय का?

सवय होती ती अंगणात राहणाऱ्या, स्वतःचं स्वतः बघणाऱ्या कुत्र्याची. पंचवीस-तीस किलोचा तरणाबांड डाल्मेशियन आनंदाने अंगावर आला, तर शेवाळ धरलेल्या चिऱ्याच्या पायरीवर सत्तरीच्या बाईचं काय होईल, हा प्रश्न मी तुम्हाला घाबरवायला विचारत नाही. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं की संपूर्ण घराचं चक्र थांबतं, म्हणून विचारते. त्यांच्याशी आज संध्याकाळी बलकांवावर निवांत बसून बोला. मुलांसमोर नको, नाहीतर नातवंडांचं तोंड बघून त्या 'हो' म्हणतील. त्या नको म्हणाल्या तर ते नको शेवटचं माना. हो म्हणाल्या तर कोणतं काम त्यांना झेपेल आणि कोणतं नाही, ते त्यांनाच ठरवू द्या.

मोबाइलचं थोडक्यात सांगते. कुत्र्याने मोबाइल सुटत नाही. पहिला महिना सुटल्यासारखा वाटतो, मग कुत्र्याचे फोटो काढायला तोच हातात येतो. मुलांनी मोबाइल ठेवावा ही इच्छा रास्त आहे, पण त्यासाठी घरातल्या मोठ्यांनी काही करायचं असतं. ते ओझं एका जिवावर टाकू नका.

मग तुमच्यापुढे वाटा कुठल्या उरतात?

एक वाट डाल्मेशियनची आहे, आणि ती बंद नाही. सासूबाईंनी मनापासून होकार दिला, यजमानांच्या रात्रपाळीच्या आठवड्यांत सकाळची तासाभराची फेरी तुम्ही आणि लेक मिळून घेणार असलात, आणि स्वयंपाकघरातून कुत्र्याला मासळी जाणार नाही असं घरात सगळ्यांच्या साक्षीने ठरलं, तर आणा. नरापेक्षा मादी घ्या. अंगाने जरा लहान, आणि लघवी अडण्याचा धोका कमी. पांढऱ्या कातडीला ऊन लागतं, तेव्हा फिरणं पहाटे आणि दिवस मावळल्यावर. संध्याकाळी डांबरी रस्त्यावर आपल्या हाताची पाठ पाच-सात सेकंद टेकवून बघा. आपल्याला सोसत नसेल तर तिच्या पंजांनाही सोसणार नाही. चटईवर, साड्यांवर, गणवेशांवर आखूड पांढरे केस वर्षभर सापडतील, ते गृहीत धरा.

दुसरी वाट मला तुमच्या घरासाठी जास्त पटते. मोठं झालेलं, दोन-तीन वर्षांचं गावठी कुत्रं घरी आणा. गोव्यात प्राण्यांचे निवारे आहेत, आसगांवसारख्या ठिकाणी तर परदेशातूनही लोक येऊन काम करतात. बाहेरून इथे राहायला आलेली कुटुंबं परत जाताना मागे राहिलेली कुत्रीही तिथे पोचतात, त्यांत मिश्र जातीची, घरात राहायची सवय असलेलीही असतात. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव समोर दिसतो. ते लहान मुलाशी कसं वागतं, म्हाताऱ्या माणसावर उडी घेतं का, आवाजाला किती घाबरतं, हे दोन-तीनदा जाऊन भेटल्यावर कळतं. पिल्लाच्या बाबतीत आपण जातीच्या नावावर अंदाज बांधतो, आणि तो अंदाज वाटतो तितका पक्का नसतो. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांचा एक अभ्यास आला. एकेका कुत्र्याच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ९ टक्के फरक जातीवरून सांगता येतो, असं त्यात निघालं. सांगितलेलं ऐकण्याची वृत्ती मात्र जातीशी बऱ्यापैकी जोडलेली आढळली, म्हणजे तुमच्या लेकीचं कॉलीबद्दलचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबरच आहे. पण शिकवण्याची हौस गावठी कुत्र्यावरही पुरेपूर भागते. आपल्या मातीतलं हे कुत्रं उकाडा सोसतं, पावसात आजारी पडत नाही असं नाही पण चटकन उठतं, आणि युक्तीने तर ते भल्याभल्यांना हरवतं. लेकीला सांगा, रोज वीस मिनिटं, खाऊचे बारीक तुकडे आणि एका वेळी एकच गोष्ट. वर्षभरात ती त्याला काय काय शिकवते ते मला कळवा.

तिसरी वाट म्हणजे थांबणं. मुलगा दहा-अकरा वर्षांचा होऊ द्या, यजमानांच्या पाळ्या कदाचित बदलतील. यात कुणाचा पराभव नाही.

कुठलीही वाट धरण्याआधी एक करा. पुढचा महिनाभर कुत्रा नसतानाच कुत्र्याचा दिनक्रम पाळा. पहाटे साडेपाचला उठून तासभर फेरी, संध्याकाळी पुन्हा तेवढीच, रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं. ज्यांना कुत्रा हवा आहे त्यांनीच जायचं, पाऊस असो वा नसो. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, तेव्हा ही परीक्षा जुलैत दिली तर उत्तम. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर रोज कोण गेलं ते लिहा. महिना संपला की वादाची गरज उरणार नाही, पान सगळ्यांसमोर असेल.

पिल्लू विकत घ्यायचंच ठरलं तर आई आणि जमलं तर बाप डोळ्यांनी बघितल्याशिवाय घेऊ नका. फोटो पाठवून, पैसे आगाऊ मागून, रात्रीच्या बसने खोक्यातून पिल्लू पाठवणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. २०१७ च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते आणि दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा कागद मागायला संकोचू नका. घरी आणल्यावर आठवडाभरात डॉक्टरला दाखवा, लसींचा क्रम पूर्ण होईपर्यंत रस्त्यावरच्या कुत्र्यांत मिसळू देऊ नका, पण कडेवर घेऊन देऊळ, बाजार, शाळेचं मैदान, पोदेराचा भोंगा, सगळं दाखवा. साडेतीन महिन्यांच्या आत जे पाहिलं-ऐकलं त्याला ते पुढे सहसा घाबरत नाही. रेबीजची लस चुकवायची नाही, पंचायतीत नोंद करायची. २०१४ पासून गावोगाव हिंडून लसीकरण झालं, म्हणून २०२१ मध्ये गोव्याला रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर करता आलं. ते टिकवायचं काम आता घरोघरच्या कुत्र्यांच्या लसीच्या कार्डांवर आहे.

वेळ विचारलीत तर पिल्लू असो की मोठं कुत्रं, दिवाळी झाल्यावर नोव्हेंबरात आणा. चवथीचे फटाके, नरकासुराची रात्र, दिवाळी सगळं होऊन गेलेलं असतं, चिखल सुकलेला असतो, पायऱ्या कोरड्या असतात आणि पुढच्या पावसापर्यंत त्याला तुमच्या घराशी, सासूबाईंच्या पावलांशी जुळवून घ्यायला सहा-सात महिने मिळतात. निवाऱ्यातलं कुत्रं बघायला जाल तेव्हा सासूबाईंनाही सोबत न्या, आणि ते त्यांच्याजवळ स्वतःहून येऊन बसतं का ते आधी पाहा.